लांबमिशे आणि आखूडमिशे

"तीन पाय तरी द्या," शेंडगेसर म्हणाले.

"एक," ओगलेबाई म्हणाल्या. "तोही मधला, डावा. आणि तो मी माझ्या चिमट्यानं काढून देणार."

"बाई, सहा असतात त्याला."

"मला मोजता येतात. तुम्हालाही मीच शिकवलेत."

उजाडायला अजून अवकाश होता. हिमाचलातल्या एका ओढ्याच्या काठी, थंडीनं दात वाजत असताना, ही वाटणी चालली होती. ज्याच्या पायांची वाटणी चालली होती तो प्राणी तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढाही नव्हता, आणि तो अजून पाण्याखालीच होता. आम्ही एकही पकडलेला नव्हता. मी दोघांच्या मधल्या दगडावर बसून कुप्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते आणि दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. ती कला मला तोवर चांगलीच साधली होती.

तो प्राणी म्हणजे डोंगरी चिलट. त्याची अळी कोसळत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून वाढते. पहाटे तिला पंख फुटतात, ती वर येते, नर-मादी भेटतात, मादी पंख टाकून देऊन अंडी घालायला पुन्हा पाण्यात शिरते, आणि ऊन नीट वर यायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. खायला सवडच नाही, म्हणून मोठ्या चिलटाला तोंडही नसतं. दोन गाईडांच्या मध्ये पाच वर्षं काढल्यावर मला ही व्यवस्था फार सभ्य वाटायला लागली होती.

ओगलेबाई माझ्या मुख्य गाईड. निवृत्तीला आल्या होत्या. कीटकाचं रूप बघून, म्हणजे मिशा, पंख, केस, नख्या बघून त्याची प्रजाती ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शेंडगेसर सहगाईड. ते एकेकाळी बाईंच्याच वर्गात शिकले आणि पुढे डीएनएकडे गेले. बाई त्याला 'तिकडे गेले' असं म्हणत, नातेवाइकांतला कोणी घर सोडून गेल्यासारखं. सर प्राध्यापक झाले त्या दिवसापासून बाई त्यांना 'तुम्ही' म्हणायला लागल्या होत्या. राग आला की 'निरंजन' आणि 'तू' परत यायचं.

माझ्या प्रबंधातला प्रश्न साधा होता: या ओढ्यात डोंगरी चिलटाच्या प्रजाती किती?

बाई म्हणत, दोन. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जमवलेल्या काचपट्ट्या होत्या. त्यांत काही नरांच्या मिशा अंगाच्या चौपट लांब, तर काहींच्या जेमतेम अंगाएवढ्या. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना लांबमिशे आणि आखूडमिशे म्हणायचो. सर म्हणत, एक. दुकानात साबणाच्या वडीवर ज्या काळ्या रेघा असतात त्यांवरून यंत्राला वडी कुठली ते कळतं. तसा प्राण्यांमध्ये जनुकाचा एक छोटा तुकडा असतो, जो वाचला की बहुतेक वेळा प्रजाती ओळखता येते. सरांनी आदल्या वर्षी तो तुकडा वाचला होता आणि सगळीकडे एकच मजकूर निघाला होता.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर दोघांच्या सह्या लागत होत्या. बाई 'एक' असलेल्या प्रबंधावर सही करायला तयार नव्हत्या, सर 'दोन' असलेल्या. माझ्याकडे चौथ्या प्रकरणाच्या दोन प्रती टाइप करून तयार होत्या, एक बाईंची, एक सरांची. मुदत जूनअखेर संपत होती. जुन्नरकडच्या एका महाविद्यालयानं मला कायम जागेसाठी निवडलं होतं, पण रुजू होताना प्रबंध सादर केल्याचा दाखला हवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. मे महिना उजाडला तेव्हा मीच दोघांना सुचवलं की एकत्र ओढ्यावर चला. एकेक चिलट एकेका कुपीत. शरीर बाईंकडे, पाय सरांकडे. कुपीवर फक्त आकडा. दोघांनी आपापल्या पद्धतीनं गट पाडायचे आणि मग ताडून पाहायचे. दोघांनाही ही कल्पना लगेच पटली, कारण दोघांनाही आपण जिंकणार याची खात्री होती.

पायाचा सौदा एकावर ठरला. मग कुप्यांवरून सुरू झालं. सरांच्या कुप्या अल्कोहोलनं काठोकाठ भरलेल्या, बाईंच्या निम्म्याच. सरांनी विचारलं, ही काय काटकसर. बाईंनी सांगितलं की शुद्ध अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर येतं, विभागाच्या भांडाराच्या किल्ल्या अर्धा जन्म त्यांच्या कमरेला होत्या, आणि किडा भिजला म्हणजे पुरे, त्याला पोहायला शिकवायचं नाही. शेवटी दोघांच्याही कुप्या वापरायच्या ठरल्या.

तेवढ्यात पाण्यावर धुरासारखं काहीतरी हललं आणि दोघंही गप्प झाले.

ती वेळ मला अजून आवडते. बाई गमबूट घालून ओढ्यात उभ्या, हातात पांढरी तबकडी. सर जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात. चिलटं पाण्याला लागून इतकी खाली उडत होती की जाळं भिजल्याशिवाय एक मिळत नव्हतं. मिळालेलं प्रत्येक चिलट मी आळीपाळीनं टाकत होते: एक बाईंच्या कुपीत, पुढचं सरांच्या. चांगली चांगली दुसऱ्यानं नेली असं नंतर कोणी म्हणायला नको. दोघांची नजर माझ्या हातावर होती.

तबकडीत येणारा प्रत्येक नर लांबमिशा होता. बाईंनी तबकडी पुन्हापुन्हा डोळ्यांजवळ नेली. शेवटी म्हणाल्या, "आखूडमिशे उशिरा निघत असतील."

"झोपले असतील," सर अदबीनं म्हणाले.

ऊन पाण्यावर आलं आणि खेळ संपला. एकही आखूडमिशा नव्हता.

विश्रामगृह बरंच खाली होतं. रस्ता असा की जीपचा चालक ठाकूर त्याला रस्ता म्हणायला स्वतःच कचरत होता. बाईंना उन्हाचा उजेड असेपर्यंत मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं, म्हणून त्यांनी त्याला घाई करायला सांगितली. तो आज्ञाधारक माणूस निघाला. आम्ही तिघं छताला डोकं आपटत आणि मागच्या दोन पेट्या एकमेकींवर आपटत खाली पोचलो.

व्हरांड्यात टेबल मांडून बाई बसल्या. आधी स्वतःची पेटी उघडली. पहिला लांबमिशा. दुसराही. तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला.

"आला," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. मिशा जेमतेम अंगाएवढ्या, टोकं छान गोल. सरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवली. मग आणखी एक आला, मग लागोपाठ दोन. बाईंच्या पेटीतले निम्मे नर आखूडमिशे निघाले. बाईंनी चौकीदाराकडून चहा मागवला आणि साखर जास्त घालायला सांगितली, जी त्या एरवी घेत नसत. मग आम्हाला ऐकवलं की ओढ्याच्या काठावर भिंगाशिवाय काय दिसणार, घाईघाईत निष्कर्ष काढणं ही नव्या पिढीची खोड आहे, आणि यंत्राला मिशा नसतात म्हणून त्याला मिशांचं महत्त्व कळत नाही.

सर चहा संपेपर्यंत ऐकत होते. मग आपली पेटी त्यांनी पुढे सरकवली. "आता ही बघा. हीही तुमच्याच हातानं उघडा."

बाईंनी उघडली. पहिला लांबमिशा. दुसरा लांबमिशा. पाचव्यासहाव्याला त्यांनी आकडा तपासला, बाराव्याला चष्मा पुसला. पूर्ण पेटी संपली. एकूण एक लांबमिशे.

"तुम्ही निवडून घेतलेत," बाई म्हणाल्या.

"वाटणी वृषालीनं केली."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, एकाआड एक टाकली, तुम्ही दोघंही बघत होता. बाईंना ते नाकारता येईना. त्या थोडा वेळ दोन्ही पेट्यांकडे बघत बसल्या. मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं असं मला वाटत नाही. आपल्याच पेटीतल्या एका आखूडमिशाची कुपी त्यांनी उचलली, किडा बाजूला ठेवला, आणि उरलेलं अल्कोहोल तळासकट काचेच्या वाटीत ओतून ती वाटी भिंगाखाली सरकवली. आजवर सगळ्यांनी किडा पाहिला होता. कुपीचं पाणी कोणी पाहिलं नव्हतं.

बराच वेळ गेला.

"वृषाली, हे काय आहे?"

मी डोळा लावला. वाटीत केसासारखे दोन लांब, वळलेले धागे पडले होते.

"मिशा," मी म्हणाले.

"कोणाच्या?"

मला बोलायचं नव्हतं. "ह्याच्याच असणार, बाई. कुपीत तो एकटाच होता."

त्यांनी दुसरी कुपी ओतली, तिसरी ओतली. सगळीकडे तेच. मिशी नेहमी एकाच जागी, जिथं ती बारीक होते तिथंच तुटत होती आणि अल्कोहोलमध्ये तिचं टोक आकसून गोल होत होतं. निम्म्या भरलेल्या कुपीत अल्कोहोल हिंदकळत होतं, काठोकाठ भरलेलीत हलायला जागाच नव्हती. बाईंच्या जुन्या काचपट्ट्यांवरचे आखूडमिशेही कधी एसटीच्या टपावरून, कधी पार्सलानं, असेच निम्म्या कुपीतून पुण्याला आले होते.

बाईंनी चष्मा काढला. "शेंडगे," त्या म्हणाल्या, "माझी दुसरी प्रजाती जीपमध्ये तयार झाली."

सर समोरच्या डोंगराकडे बघत होते. त्यांच्या गालाचा स्नायू उडत होता.

"हसा. नंतर पाठीमागे हसण्यापेक्षा आत्ता हसून घ्या."

ते हसले. मग बाईही हसल्या, आणि डोळे पुसताना म्हणाल्या की ठाकूरला बोलवा, नव्या प्रजातीचा जनक म्हणून त्याचाही फोटो घेऊ. मग एकेका चिलटाचा मधला डावा पाय त्यांनी इतक्या हळुवार हातानं काढून दिला की सरांनी दोनदा आभार मानले. परतीच्या प्रवासात बाईंनी मला सांगितलं, 'एक' लिही, मी सही करते.

पुण्याला आल्यावर मी बाईंची प्रत कपाटात टाकली, सरांची प्रत बाहेर काढली, स्वच्छ छापली, आणि सर पायांचं काम पुरं करेपर्यंत मी थांबले. ते काम म्हणजे आता नुसता उपचार होता. जून अर्धा उलटला तेव्हा सह्यांचं पान घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"बस," ते म्हणाले.

पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखी आकृती होती. दोन फांद्या, एकमेकींपासून चांगल्या लांब. एकाच प्रजातीतल्या भावंडांत असतो त्याच्या कितीतरी पट फरक.

"यंत्र चुकलं असेल," मी आशेनं म्हणाले.

"तीनदा केलं."

मिशा तुटलेले आणि न तुटलेले दोन्ही फांद्यांवर मिसळून होते, म्हणजे मिशांचा याच्याशी काही संबंध नव्हता. पण प्रजाती दोन होत्या. मग आदल्या वर्षी एक कशी निघाली? ते सरांनी स्वतःच शोधून ठेवलं होतं. एवढ्याशा किड्यातून डीएनए फारच थोडा मिळतो, म्हणून तेव्हा त्यांनी दहा-दहा किडे एका नळीत एकत्र वाटले होते. ओढ्यात एका प्रजातीची संख्या जास्त. प्रत्येक नळीत तिचाच मजकूर वरचढ ठरला आणि दुसरीची कुजबुज त्याखाली दबली.

"दहा जणांना एकदम बोलायला लावलं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचंच लिहून घेतलं," सर म्हणाले. "या वेळी एकाच पायावर भागवावं लागलं, म्हणून प्रत्येकाला वेगळी नळी दिली." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चल, बाईंना सांगू. त्या बरोबर होत्या. खूश होतील."

बाई खूश झाल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरांना सांगितलं की ही दया त्यांनी स्वतःजवळ ठेवावी. सर म्हणाले, दया नाही, दोन आहेत. बाई म्हणाल्या, दाखवा. सरांनी आकृतीचा कागद पुढे केला. बाईंनी तो न बघता परत दिला. त्यांना चिलट दाखवायला हवं होतं. मी दोन्ही गटांच्या कुप्या बाईंच्या टेबलावर आणून मांडल्या. आठवडाभर त्यांनी मिशा, पाय, नख्या, शेपटाकडचा भाग, सगळं तपासलं. दोन्ही गट अगदी एकासारखे एक.

"एकच आहे," बाई म्हणाल्या.

"दोन आहेत, बाई. आपल्याला दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही. हे वाक्य तुमचंच आहे."

"आणि 'एकच आहे, हट्ट सोडा' हे तुमचं. मी सोडला तर आता तुम्ही उचललात."

"पुरावा बदलला."

"माझाही बदलला. तुमच्यासमोर वाटीत ओतून दाखवला."

"तुम्ही आयुष्यभर दोन म्हणत आलात. आता मी दोन म्हणतोय तर—"

"निरंजन, तू प्रॅक्टिकललाही असाच होतास. उत्तर बरोबर आलं की रीत विचारलेली खपायची नाही तुला."

मी सह्यांचं पान छातीशी धरून दाराजवळ उभी होते. चौथ्या प्रकरणाच्या दोन्ही प्रती अजून चालू शकत होत्या. फक्त त्यांचे मालक बदलले होते. जुन्नरहून प्राचार्यांचा फोन येऊन गेला होता. ते सभ्य भाषेत विचारत होते की यादीतल्या पुढच्या उमेदवाराला कळवायचं का. मी 'दोन दिवस' म्हणाले होते. हेही मी इथं बोलून दाखवलं, कारण दुसरं काही सुचेना.

दोघं थांबले. बाईंनी मला बसायला सांगितलं.

"तू काय लिहिणार आहेस?"

"तुम्ही दोघं ठरवाल ते."

"आमचं ठरणार नाही, हे तुला अजून कळलं नाही? तुला काय वाटतं ते विचारतेय."

पाच वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. मी इतकी वर्षं चिलटं मोजत होते असं मला वाटत होतं. मोजत होते ती या दोघांची मतं. उत्तर द्यायला मला वेळ लागला. बाईंनी तो दिला, सरांनीही दिला.

"दोन," मी म्हणाले. "डीएनएत दोन दिसतात आणि ते मला पटतं. डोळ्यांना फरक सापडलेला नाही, तेही तसंच लिहीन. आखूडमिशे कसे झाले ते लिहीन. आणि दहा किडे एका नळीत घातल्यानं काय झालं तेही."

सर खुर्चीत चुळबुळले. "नळीचं लिहायलाच हवं का? तळटीप दिली तर?"

"माझी जीप मुख्य मजकुरात जाणार असेल," बाई म्हणाल्या, "तर तुमची नळीही तिथंच जाईल."

"मग जीप आधी येईल."

"येऊ दे. माझी चूक ज्येष्ठ आहे."

त्याच रात्री मी तिसरं 'चौथं प्रकरण' लिहून काढलं. ते पहिल्या दोन्हींपेक्षा लहान झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, एका ठिकाणी 'निःसंशय' खोडलं, आणि सही केली. सरांनी बाईंच्या सहीखाली सही केली. मुदतीच्या आत प्रबंध गेला आणि जुलैत मी जुन्नरला रुजू झाले. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांना शाल आणि चांदीचा गणपती मिळाला. त्यांनी स्वतः मागून घेतल्या त्या दोन्ही गटांच्या कुप्या, काठोकाठ भरून.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मीही गाईड झाले. परवा दुपारी महाविद्यालयात बसले होते तर बाईंचा फोन आला. त्यांनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही.

"सापडला."

मला कळायला एक क्षणही लागला नाही. "कुठं?"

"पंखाच्या मागच्या कडेला. बारीक केस आहेत. एकीत सरळ, एकीत वळलेले. एकदा दिसले की न दिसणं अवघड आहे. इतकी वर्षं मी पंखाच्या शिरा बघत बसले."

मला आनंद झाला आणि मी तो सांगितला. सरांना कळवलं का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, पहिला फोन त्यालाच केला, आकडे न बघता फक्त केसांवरून गट पाडले होते, ते त्याच्या यादीशी तंतोतंत जुळले. त्या वाक्याच्या शेवटी त्या थांबल्या.

"पण?" मी विचारलं.

"त्या कुप्यांबरोबर एक जास्तीची आली होती. तिच्यातल्या किड्याच्या पायातून तेव्हा काहीच वाचता आलं नव्हतं. त्याच्या पंखाला सरळही नाहीत आणि वळलेलेही नाहीत. केसच नाहीत. झडलेत का ते पाहिलं. केस उगवायची भोकंसुद्धा नाहीत. मग मी आपणहून निरंजनला दुसरा पाय दिला. त्याचं काल आलं." बाईंना आता आवाजातला आनंद लपवता येत नव्हता. "वृषाली, तीन आहेत."

माझ्यासमोर सिद्धी मोधे बसली होती, माझी पहिली विद्यार्थिनी. तिचा प्रबंध त्याच ओढ्यावरचा. शेवटची प्रत माझ्या टेबलावर, पहिलं पान उघडून, सहीची जागा माझ्याकडे करून ठेवलेली. मुदत त्याच आठवड्याची.

"बाई," मी म्हणाले, "समोर माझी विद्यार्थिनी बसलीय प्रबंध घेऊन. त्यात दोन लिहिलंय."

पलीकडे कुपी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मग कर की सही," ओगलेबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सिद्धीनं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मी तिला म्हणाले, आधी चहा घेऊ.